पगारपत्रक, फेब्रुवारी

हॅलबेकच्या टाउन हॉलात, दुसऱ्या मजल्यावर
रेडिएटरला पाठ लावून मी बसते.
एकोणीस वर्षं.
गावातला प्रत्येक सरकारी पगार माझ्या बोटांखालून जातो,
म्हणून मला माणसं आधी आकड्यांनी कळतात,
चेहऱ्यांनी नंतर,
बेकरीच्या रांगेत.

४०७१ म्हणजे विनिफ्रेड ओकडेन.
शाळेपुढे पिवळा कोट घालून
गोल पाटीची काठी आडवी धरते
आणि दुधाचा टँकरसुद्धा थांबतो.
आठवड्याला साडेसात तास.
नाताळात मुलं तिला इतके हातमोजे देतात
की विसरून आलेल्यांना वाटून
वर पिशवीभर उरतात.

२२१८, क्लाइव्ह थ्रेलफॉल.
पहाटे तीनला मिठाची गाडी टेकडीवर काढतो.
तो येऊन गेला हे कुणाला कळत नाही.
कळतं, एखाद्या दिवशी आला नाही तर.

आणि ०००१.
मुख्य अधिकारी, श्री. फॅरन्ट.

गुरुवारच्या सभेत सातवा विषय त्यांच्या पगाराचा होता.
गुणवत्तेला बाजारभाव असतो, अध्यक्ष म्हणाले,
तो मोजला नाही तर माणूस दुसऱ्या गावी जाईल.
आठवा विषय त्रेसष्ट पदांचा.
मध्ये चहा झाला.
बिस्किटं नव्हती,
ती काटकसरीत गेली होती.

पदं रद्द झाली, माणसं नाहीत,
असं परिपत्रकात नीट लिहिलंय.
मग घरी जाऊन
स्वयंपाकघरात कोट न काढता बसून राहिलं
ते पदच असणार.

मी हिशेब करायला नको होता.
पण हात सवयीचे.
फॅरन्टची नुसती वाढ, पगार नव्हे, वाढ,
चौदा हजार चाळीस पौंड.
विनिफ्रेडची बरोबर चार वर्षं.
बाकी शून्य.
इतका स्वच्छ भागाकार
एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता.

तिचा बाजारभाव कुणी विचारला नाही.
ती दुसऱ्या गावी जाईल अशी भीती
कुणाला वाटली नाही.

खरं सांगायचं तर माणूस वाईट नाही.
दार धरून उभा राहतो,
आईच्या खुब्याचं ऑपरेशन लक्षात ठेवतो.
वाईट असता तर मला
रात्री झोप तरी लागली असती.

सोमवारी यादी आली. मी एकेक नाव बंद करत गेले.
ओकडेन.
थ्रेलफॉल.
खाली, वर्णानुक्रमाच्या टोकाला,
विदरिंग्टन, ऑड्री. १३६४.
मी.

कळ दाबली. यंत्रानं नकार दिला:
*स्वतःची नोंद स्वतः बदलता येत नाही.*
कुणी आपलाच पगार वाढवून घेऊ नये
म्हणून केलेला जुना नियम.
मी एकटीच हसले, मोठ्यानं.
पलीकडून टॅम्सिननं मान वर केली.
तेवीस वर्षांची, अजून टिकलेली.
तुला दाबावी लागेल, मी म्हटलं.
ती उठली, कळीपाशी आली,
आणि किटली लावायला निघून गेली.
परत यायला तिनं फार वेळ लावला.

शुक्रवारी परत आलेल्या सामानाचा तक्ता भरला.
कोट, एक. मिळाला.
पाटी काठीसह, एक. मिळाली.
गाडीची किल्ली, टॉर्च, मिळाले.

विनिफ्रेडनं टेबलावर एक पिशवीही ठेवली होती.
लाल, करडे, एक नुसताच डावा,
कुणाच्या तरी आजीनं विणलेले,
एकही तिच्या हाताला बसणारा नाही.
ते कौन्सिलच्या यादीत नाहीत.
तक्त्यात त्यांना रकाना नाही.

माझे अजून अकरा दिवस आहेत.
शाळा माझ्या वाटेवर नाही.
सकाळी जरा लवकर निघेन.