पुसा न, भाऊ

जरीपटक्यातल्या त्या दुकानात
यादी दिली की गाणी भरून मिळायची.
कोरी कॅसेट पंचवीस रुपये, आपली आणली तर पंधरा.
मी आपली नेली होती.
हासानंदनं ती कानाशी हलवून पाहिली,
नारळातलं पाणी पाहतात तशी,
आणि म्हणाला, "यात काही आहे बे. पुसू?"
मी तेरा वर्षांचा. यादीत अकरा गाणी, सगळी प्रेमाची,
प्रेम कशाशी खातात ते माहीत नसताना.
म्हटलं, "पुसा न, भाऊ."

त्यात होती विशाखाआत्या.
मेयोत आया होती. रात्रपाळी उतरली की
सकाळच्या बसनं इंदोऱ्याला यायची,
आणि एप्रिलात बायकांच्या गायनपार्टीत पुढे उभी राहायची,
पांढऱ्या साडीत, एक हात कानावर.
बाबांनी एका रात्री टेप लावून तिला घरातच बसवलं होतं.
मे महिना. कूलरची घरघर, वाळ्याचा वास.
मी तिच्या मांडीशी.
तेव्हा मला आवडनिवड नव्हती,
भूक होती, झोप होती, आणि आत्याचा आवाज होता.

सतराव्या वर्षी त्या अकरा गाण्यांचीही लाज वाटू लागली.
हिंगण्याच्या कॉलेजात अंकुश चाफले भेटला,
त्याच्याकडे इंग्रजी गिटारी होत्या.
सत्तेचाळीस अंशांत काळे टी-शर्ट घालून
अंबाझरीच्या काठावर आम्ही त्या किंकाळ्या ऐकायचो.
शब्द कळत नव्हते, तेच बरं होतं.
आत्या दारातून डोकावायची:
"हा मानूस काऊन कोकलून राहिला? दुखते का त्याले कुठं?"
मी हेडफोन घट्ट करायचो.

चोविसाव्या वर्षी एका मुलीमुळे ख्याल.
सिव्हिल लाइन्सच्या गार हॉलात
मान कुठे डोलवायची ते शेजाऱ्याकडे पाहून शिकलो.
ती पुण्याला गेली. मारवा राहिला.
मग काही वर्षं मी फार भयंकर माणूस होतो,
वरातीच्या बँडमध्येसुद्धा कोमल रिषभ शोधायचो.
आत्या कणीक मळताना गुणगुणली
तर म्हणायचो, पंचम उतरतोय.
ती गप्प व्हायची.
एकदाच म्हणाली,
"उतरू दे न. चढून चढून पाय दुखतात माहे."

ती गेली त्या वर्षी मी काहीच ऐकत नव्हतो.
बुटीबोरीच्या कंपनीबसमध्ये बातम्या, आणि
बातम्यांच्या मधल्या जाहिराती.

परवा माळ्यावरून कॅसेट निघाली.
टेप दुरुस्त करणारा एकच म्हातारा उरलाय इतवारीत,
त्यानं रबर बदलून दिलं, पैसे घेतले नाहीत,
म्हणाला, चालला तर सांगा.

चालला.
दुसऱ्या बाजूला अकरावं गाणं संपतं.
हासानंद काटकसरी,
गाणी संपली तिथेच त्यानं आपलं मशीन बंद केलेलं.
खट्.
आणि मग कूलर.
साडेतीन मिनिटं कूलर, लांब कुठेतरी मालगाडी,
आणि मधूनच, अर्ध्या ओळीत उभी असलेली आत्या.
ओळीची सुरुवात मी पंधरा रुपयांत घालवलीय.

पंचम उतरतोच आहे. खोटं कशाला बोलू?
शिकलेला कान पुन्हा अडाणी होत नाही.
तरी रोज रात्री लावतो.
ते अकरावं गाणं आता मुळीच सोसवत नाही,
पण पुढे ढकलत नाही,
खट् हुकेल म्हणून.

काल पहिल्यांदा लक्षात आलं:
तिच्या आवाजाखाली
कुणीतरी झोपेत श्वास घेतंय, नाक चोंदलेलं,
जरा बेतालच,
आणि ती त्याच्यासाठी
थांबून थांबून गातेय.