जोड

चाके-चाकेच्या फुटबॉल मैदानात परवा
तू आलीस, म्वानाइदी,
आणि तुझ्यामागे फक्त एक पोरगा होता
अन् इस्त्रीच्या टेबलाएवढा कीबोर्ड.
मी बाकीच्यांची वाट बघत राहिलो.
वाटलं, बोटीला उशीर झाला असेल.
तीन व्हायोलिनं, ऊद, कानून,
तो जाडा चेलोवाला, डोळे मिटून वाजवणारा,
ज्याच्या टाचेखाली कायम एक दुमडलेला पुठ्ठा असायचा,
येतील सगळे मागच्या बोटीने.

पोराने एक कळ दाबली.
तिन्ही व्हायोलिनं एकदम आली,
कुणालाच घाम न आलेला.

मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस.
यंत्रांवर माझा राग नाही,
त्यांनीच मला जेवू घातलं.
पण म्कोआनीच्या धक्क्यासमोर, माझ्या टपरीत,
सव्वीस वर्षं, रोज,
डिझेलचा वास आणि रस्त्याकडेला वाळणाऱ्या लवंगांचा वास
एकमेकांत शिरले की मी तुझी कॅसेट लावायचो.
गिऱ्हाइकांना ठाऊक होतं:
दुसरी बाजू संपेपर्यंत फुंदी पैसे मोजत नाही.

तिच्यातल्या त्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याआधी,
तू थांबायचीस.
कसं सांगू ते थांबणं.
दारात आलेल्या माणसाने
एक चप्पल काढून झाल्यावर विचार बदलावा, तसं.
मग एकदम कडव्याच्या मध्यातूनच,
जणू आधीची ओळ तू मनातल्या मनात म्हणून टाकलीस.
बायको म्हणायची, दम लागतो हिला.
मी म्हणायचो, तुला गाण्यातलं काय कळतं.
पुतण्या मकामे एकदा हसला त्या जागेवर.
दोन रमजान त्याच्याशी बोललो नाही.

परवा तुझा आवाज
कुणीतरी आतून पुसून घेतल्यासारखा.
एक चरा नाही. एक डाग नाही.
लोक उठून नाचत होते, नोटा ओवाळत होते,
माझीही हजाराची घडी खिशात तयार,
पण गुडघा उठेना.

मग मागून कुणी ओरडलं, जुनं म्हण,
आणि तू ते म्हणू लागलीस.
मी खिशात हात घातला.
तिसऱ्या कडव्याआधी श्वास रोखला.
तू थांबली नाहीस.

बांधलेली होडीसुद्धा भरतीला हलते,
मालकाला विचारत नाही,

असं काहीतरी तू तिथे भरलंस,
आणि माझ्या शेजारच्या बाया तुझ्याबरोबर ते म्हणत होत्या.
पोरी नव्हेत. माझ्या वयाच्या बाया.
त्यांना पाठ होतं.

परतीच्या गाडीत कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून
मी तुला शिव्या देत होतो,
आणि वळणावर कुठेतरी मला आठवलं:
कॅसेट आणली त्याच रात्री गिऱ्हाइकाच्या टेपरेकॉर्डरने ती चघळली होती.
दीड वीत टेप चुरगळून गेली.
मी ब्लेडने कापली,
दोन टोकं बायकोच्या नेलपॉलिशने चिकटवली
आणि झोपलो.

घरी आल्यावर चार स्क्रू काढले.
दिव्याखाली धरला तो जोड.
लाल होता, तपकिरी झालाय.
अजून पक्का.
माझं काम चांगलंच असतं.

कीबोर्ड मला अजूनही आवडत नाही,
आणि त्या पोराला सांग,
व्हायोलिनला आधी जरा रडावं लागतं, मग सूर लागतो.
ते माझं म्हणणं आहे आणि ते राहील.

पण नोट खिशातच आहे
आणि ती कुणाला द्यायची
ते मला कळेनासं झालंय.

रात्री उशिरा मकामेला फोन लावला.
त्याने उचलला.
मी तेवढाच थांबलो, मोजून,
सव्वीस वर्षांच्या सवयीने.

पलीकडून तो म्हणाला,
काका? तुटली का लाइन?