गाठ मारता आली पाहिजे

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
मागांच्या शेडवरची खोली माझी.
खाली बत्तीस माग. जमीन एवढी थरथरते
की चहावरची साय सुरकुतत राहते.
अंबादासशेठ वडलाकोंडांच्या स्टॉकचा प्रोग्राम
मी इथं बसून दुरुस्त करते.

आधीच्या पोरानं तीन मेथड लिहून ठेवल्यात:
सगळ्यांत जड चादर शोधणारी,
सगळ्यांत जड टॉवेल शोधणारी,
आणि नॅपकिनची, जिच्या पोटात
घाईघाईत एके ठिकाणी ‘चादर’च राहून गेलीय.

तिन्ही पुसल्या.
नावापुढं टोकदार कंस उघडून
आत एकच अक्षर ठेवलं: टी.
टी म्हणजे कोण? अजून कुणीच नाही.
नुसतं आधी सांगून ठेवायचं, की कुणीतरी येणाराय.
यादी टीची, तर उत्तरही टीच.
चादरी दिल्यास तर चादरच परत मिळेल,
‘काहीतरी वस्तू’ म्हणून हातावर पडणार नाही.

कंपायलरनं दारातच अडवलं.
ह्या टीला वजन असतं, हे तुला कुणी सांगितलं?
खरंय त्याचं.
उद्या कुणी रजेचे अर्ज पाठवले
तर ते काट्यावर कसे चढणार?

म्हणून अट.
पहिल्या झटक्यात चिक्कार लिहिल्या:
वजन हवं, रंग हवा, सुताचा नंबर हवा,
वस्तू आपल्याच घराण्यातली हवी.
अटी घालताना हात सैल सुटतो,
स्थळं बघताना सुटतो तसा.

“काय लिवलालीस गं?” शेठ मागं उभे.
सांगितलं. हसले नाहीत.
खिडकीतनं गेटवरची पत्र्याची पाटी दाखवली.
त्यांच्या वडिलांच्या हातची, तेलुगू वळणाचं मराठी:
कामगार पाहिजे.
त्याखाली तीन ओळींवर पांढरा रंग.
मग एकच उरलेली:
गाठ मारता आली पाहिजे.

“राजमणी आली तवा मारला रंग.
पन्नाशीची. विड्या वळून बोटं पिवळी.
वडील नको म्हणत होते.
मी तुटका धागा दिला हातात.
बघितलं पण नाही तिनं. गाठ.
मग बाकीच्या ओळी कशाला होत्या,
मला काय आठवंना.”

ते जिना उतरून गेले.
मी मेथडच्या आत पुन्हा वाचत गेले, ओळ न् ओळ.
आत कुठंच रंग विचारलेला नाही.
सुताचा नंबरही नाही.
जे आत लागतं ते दारातच विचारावं,
नाहीतर रात्री तीनला भर पाळीत माग बंद पडतो.
आणि जे लागतच नाही
ते विचारणारे आपण कोण?

एकच ठेवली:
वजन सांगता आलं पाहिजे.
चाललं. चादरीला, टॉवेलला,
आणि परवा नव्यानं आलेल्या पायपुसण्यालाही,
ज्याचं नाव मी कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पाचला घरी निघाले.
ऊन तिरपं झालं की
पाटीवरच्या पांढऱ्याखालनं
‘आपल्यातला’
अजून वाचता येतं.