ठराव क्रमांक सात

माझ्या माहेरी, आजऱ्याला,
या गोष्टीला नावच नव्हतं.
"बाहेर जाऊन ये," म्हणायची आई,
आणि बाहेर म्हणजे कुठे, कशाला,
हे पायांना ठाऊक असायचं, तोंडाला नाही.
तिसरीत मी बाईंना विचारलं, बाहेर जाऊ?
बाई म्हणाल्या, बाहेर काय ठेवलंय तुझं?
काय ठेवलं होतं ते सांगता येईना.
मग बाक ओला झाला,
आणि शेजारची कुसुम डवरी
दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दुसरीकडे बसली.

म्हणून लेकीला शब्द द्यायचाच, हे मी
ती पोटात होती तेव्हाच ठरवलेलं.
पण कुठला?
शी आणि शू दोन वर्षं पुरले.
मग बालवाडीच्या डायरीत लाल शाईनं आलं,
"वॉशरूम म्हणायची सवय लावावी."
गुरुनाथ हसून हसून जाळ्यावरच बसला.
"वॉश खंय नि रूम खंय," म्हणाला,
आणि होडीचे भाग शिकवावेत तसा,
ही नाळ, हा नांगर, ही उलांडी,
त्यानं तिला आपल्या घरचा शब्द शिकवून टाकला.
मी डोळे वटारले. उशीर झाला होता.
(पादण्याला तर आमच्यात अजून एकमत नाही.
मी म्हणते गॅस, सासरे म्हणतात तोफ,
तनिष्का म्हणते मागून ढेकर.)

वेंगुर्ल्याच्या अलीकडचं आमचं बंदर.
रविवारी, बांगड्याचा लिलाव रंगात आलेला,
पेडव्याच्या एका वाट्यावरून
गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या काढणाऱ्या बाया
ओळीनं बसलेल्या,
आणि माझी साडेतीन वर्षांची लेक
त्या सगळ्या आवाजाच्या वर ओरडली,
"आई, माका मुतूक जावचा हा!"

बर्फ फोडणारा थांबला.
मी तिच्या तोंडावर हात ठेवला. आजऱ्याचा हात.

जयवंतीबाय कुबल उठल्या, गुडघ्यावर हात दाबत.
तिला बर्फाच्या पेट्यांमागे नेलं,
चौघीजणी पदर धरून उभ्या राहिल्या,
आत बारीक धार, वर कावळे.
परत येऊन जयवंतीबाय मला म्हणाल्या,
हळू, त्या बाईचा आवाज मी तेवढा हळू कधी ऐकला नव्हता,
"बरा केल्यान पोरीन, बोलला ता.
आमी फाटेचो चाय घेणव नाय. पाणी पिणव नाय.
चाळीस वर्सा झाली.
एक वाजता घरा जावन मगे."
आणि लगेच वळून गिऱ्हाइकाला ओरडल्या,
"हात लावन बघतंस काय, लग्नाची पोरगी हा ती?"

ग्रामसभेत लिहायचं काम माझ्याकडे असतं.
दिवाबत्ती, पाणीपट्टी, भटकी कुत्री,
आणि आयत्या वेळच्या विषयात
जयवंतीबाय उभ्या राहिल्या.
पाटी बाहेर ठेवली होती, हाताला खवले तसेच.
"माका मुतूक जावचा हा," म्हणाल्या.
एवढंच.
मग मागून एक, कोपऱ्यातून एक,
"माका पण." "माका पण."
सरपंच पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता.
ग्रामसेवक माझ्या वहीवर वाकून म्हणाले,
"मॅडम, जरा शुद्ध भाषेत."

मी म लिहिला होता.
त्याचं मी काय केलं ते सांगत नाही,
पण वहीत आज असं आहे:
"बंदरावर महिलांसाठी प्रसाधनगृह बांधणेबाबत.
सूचक श्रीमती जयवंती कुबल. सर्वानुमते मंजूर."

रात्री तनिष्कानं त्या लांब शब्दावर बोट ठेवलं.
वाचून दाखवला. प्र. सा. ध. न. गृ. ह.
तिनं म्हणून बघितला, दोनदा अडखळली.
"आई, ह्यां म्हणीपर्यंत होवन जातला."

फाइल ओरोसला गेली आहे.
जयवंतीबाय पहाटेचा चहा
अजून घेत नाहीत.