लुमाच्या खुंट्या

आमच्या चर्चमध्ये एकही खिळा नाही.
चिलोएला आलेले पाहुणे हे ऐकून
तुळयांवरून बोटं फिरवतात, फोटो काढतात
आणि पाचच्या बोटीनं परत जातात.
पाऊस त्यांना सोसत नाही.

फादर येतात सप्टेंबरात, वर्षातून एकदा,
तेही समुद्राच्या मनात असेल तर.
बाकीचं वर्ष किल्ली एतेल्विना चिग्वाईच्या कमरेला.
पाळण्यातल्यांचे बाप्तिस्मे, मयतीच्या प्रार्थना, रविवार,
मेणबत्त्यांचा हिशोब, उंदरांचा बंदोबस्त,
सगळं तिच्याच गळ्यात.

मी सुतार. बहुतेक छपरावरच असतो.
खालचं मला नीट ऐकू येतं,
फळ्या पातळ आहेत.

ज्या जूनमध्ये इसाउरो बुडी मारून वर आला नाही,
सामन माशांच्या पिंजऱ्याची फाटकी जाळी शिवायला गेलेला,
एकोणीस वर्षांचा,
धक्क्यावर उधारीचे बूट नीट जोडीनं ठेवून,
त्या रविवारी आम्हाला वाटलं, दार बंद असेल.
दार उघडं होतं.
आईच्या अंगावर तीच तपकिरी लोकरी शाल.
प्रभूनं शिकवलेली प्रार्थना तिनं सुरू केली
आणि त्याच्या इच्छेची ओळ आली
तशी थांबली.

विसरली नव्हती.
ओठ मिटून, बरोबर एका ओळीइतका वेळ,
ती दिव्याच्या काजळलेल्या काचेकडे बघत राहिली,
मग भाकरीपाशी पुन्हा बोलू लागली.

आम्ही ती ओळ म्हणायची की नाही?
पहिल्या रविवारी निम्म्यांनी म्हटली, अडखळत.
दुसऱ्या रविवारी कुणीच नाही.
फक्त म्हातारा तेओदोमिरो, ठार बहिरा,
एकटाच ठणठणीत आवाजात म्हणाला.
कुणी हसलं नाही.

त्या वर्षी समुद्र तांबडा झाला.
शिंपल्यांत विष. कंपनीनं पिंजरे उचलले,
पोरांनी बोचकी उचलली.
बाकांवर आम्ही सतरा उरलो, मग अकरा.
किल्ली फिरायची, दार करकरायचं,
आणि दर रविवारी ती एक ओळ
आमच्यामध्ये रिकामी बसून असायची,
कुणाची तरी जागा धरून ठेवल्यासारखी.

एकदा ती शिडी धरून उभी असताना मी धीर केला :
बाई, आता विश्वास उरला नसेल तर किल्ली मी घेतो.
‘उरला नाही असं कोण म्हणालं?
मी रागावलेय.
घरात कुणी नसताना दारावर मुठी आपटतं का कोणी?’
मग म्हणाली, ‘तिसऱ्या ओळीतली फळी सडलीये. डावीकडे. ती बघ.’

सडली होतीच.
पण तिच्याखालची खुंटी निघेना.
माझा बाप म्हणायचा, खिळा पाण्यानं गंजतो,
भोवतालचं लाकूडही खातो.
लुमाची खुंटी कोरडी ठोकावी,
पाणी पिऊन ती फुगते आणि धरून बसते.
दोन तास घाम गाळला, शेवटी ती तिथंच सोडली.

दोन हिवाळे गेले.
नोव्हेंबरातला रविवार, भुरभुर पाऊस,
खाली आठ माणसं.
त्या ओळीपाशी मीही हातोडा थांबवायचो,
सवयच लागली होती.
थांबलो.
आणि खालून आवाज आला,
बऱ्याच दिवसांच्या अबोल्यानंतर
चुलीपाशी बसलेल्याला ‘मीठ दे’ म्हणावं, तसा.
अर्ध्यावर तो फाटला.
पुढचं तेओदोमिरोनं पुरं केलं,
त्याला काहीच कळलं नव्हतं,
तो रोजचंच म्हणत होता.

पुढच्या रविवारी तिनं ती ओळ म्हटली का,
मला सांगता येणार नाही. वारा फार होता.

त्या दिवशी मात्र
हातातली कोरडी खुंटी मी भोकात बसवली.
जराशी सैल लागली.
असू दे, म्हटलं.
पाऊस आहेच.