एक किलो आठशे

मुंबईला थंडी नसते, असं सगळेच सांगतात.
मीही सांगायचो.
अठरा वर्षं गीझर दुरुस्त करतोय,
कॉइल बदलतो, थर्मोस्टॅट बदलतो,
गिऱ्हाईक म्हणतं, घाडी, आजच्या आज ये हो, गारठलोय,
आणि मी मनात हसतो,
चौदा डिग्रीला हा माणूस गारठतो!

मग जानेवारीत तू आलीस, सात आठवडे आधी.
वीस दिवस काचेच्या पेटीत राहून
एक किलो आठशेची होऊन घरी आलीस,
मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी,
जिथे रात्री येऊरकडचा वारा
खिडकीच्या फटीतून शिट्टी घालतो.

फटीत मी वर्तमानपत्र कोंबलं.
माळ्यावरून हीटर काढला,
कुणीतरी मजुरीच्या बदल्यात दिलेला,
त्याची सळी बदलली, वायर बदलली.
वैजूने त्याच्यासमोर तुझे लंगोट वाळत घातले.
खोलीला ओव्याचा आणि भाजलेल्या धुळीचा वास.

रात्री दोन चाळीसला लाईट गेली.
सळी लाल होती, मग विटकरी,
मग अंधारात नुसती किणकिण,
तापलेलं लोखंड आक्रसताना होते ती.
दिवसभर ऐकतो मी ती.
त्या रात्री पहिल्यांदा पोटात गोळा आला.

फोन लावला. आपण रांगेत आहात.
जिन्यात टॉर्च घेऊन लोबो,
केबल फॉल्ट आहे, म्हणाला, सकाळशिवाय नाही.
वैजूने गॅसवर पाणी ठेवलं,
बाटल्या भरल्या, पंचात गुंडाळल्या.
समोरच्या चेंबूरकरबाई शेगडी घेऊन आल्या, कोळशासकट,
त्यांच्या सुनेच्या बाळंतपणातली.
वैजू म्हणाली, धूर नको, हिला दम पुरत नाही.
मग दार उघडं ठेव की.
दार उघडलं तर वारा.
बाई शेगडी घेऊन तशाच उभ्या राहिल्या,
आणि मी तुझ्या पायाला हात लावला.
तळवे मटारच्या शेंगेएवढे,
आणि फ्रिजमधून काढल्यासारखे.

शर्ट काढ, वैजू म्हणाली.
तिचे टाके ओले, अंगात ताप,
तिची तीच हुडहुडत होती.
शायनी सिस्टरने दाखवलं होतं हॉस्पिटलात,
सगळ्या बापांना रांगेत उभं करून.
मी मागे होतो. मोबाइल बघत होतो.

शर्ट काढला. बनियनही.
लाजलो,
अंधारात, स्वतःच्या बायकोपुढे.
चेंबूरकरबाईंनी तोंड फिरवलं.
वैजूने तुला माझ्या छातीवर ठेवलं, बेडकासारखं पसरून,
वरून तिची जुनी साडी घट्ट बांधली,
साडीवर गोधडी, तुझ्या डोक्यावर टोपडं,
आणि म्हणाली, आता हलायचं नाही.

माझ्या हातांवर भाजल्याचे डाग आहेत, सातआठ तरी.
छातीला मात्र आजवर कुणी काही काम सांगितलं नव्हतं.

हललो नाही.
नाकाला खाज आली, तरी नाही.
सवयीने हिशेब चालू:
टाकी जुनी, बेचाळीस वर्षांची,
सदतीस डिग्रीच्या वर जात नाही,
गॅरंटी नाही.
तू कुरकुरलीस. मग थांबलीस.
थांबलीस म्हणून मी घाबरलो,
मग लक्षात आलं,
माझा श्वास वर गेला की तूही वर जातेस,
आणि तुझ्या नाकातून बारीक घुर्र येतेय,
पाणी तापायला लागलं की आधी येते तशी.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.
तुझे तळवे माझ्या पोटावर टेकलेले होते,
आणि ते कुठे आहेत ते मला सापडेना.
गार लागत नव्हते.

पाच वीसला आली.
बिल्डिंगभर आरोळी, आऽऽली!
पंप घरघरला, कुणाचा तरी टीव्ही अर्ध्या वाक्यापासून बोलू लागला,
आणि आमचा पंखा,
अंधारात चाचपडताना कुणीतरी बटण दाबलं असणार,
गरगर फिरायला लागला.
वैजू टाके विसरून धावली.
सळी पुन्हा लाल झाली कोपऱ्यात.
तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

नऊला पहिला फोन.
घाडी, गीझर बंद आहे हो, काय थंडी पडलीय!
पडलीय खरी, म्हटलं.
दुपारनंतर येतो.
आत्ता कामावर आहे.