कोणत्या तारखेचं पाणी

लातूरच्या भूकंपमापन केंद्रात, मे महिन्यात,
मी किनारा काढायला बसले.
समुद्र इथून एका रात्रीच्या एसटीवर.
पण नकाशाचा प्रोग्राम हट्टी:
आधी किनारा, मग धक्क्यांचे ठिपके.

फाइलीत लाखो बिंदू. रेखांश, अक्षांश. रेखांश, अक्षांश.
किती बारीक हवा किनारा, तेही विचारतात:
ढोबळ, मध्यम, बारीक, अतिबारीक,
एकावर एक ठेवलेल्या चाळण्या.

चौकट मराठवाड्यापुरती आवळली
आणि पडदा पांढरा झाला.
किल्लारीच्या बाजूला तेवढे थोडे दाट ठिपके,
सांडलेल्या राळ्यासारखे.
बंकटमामा चहा ठेवताना म्हणाला,
"म्याडम, कागद तर कोराच ठिवलाव की."

मग मी जलाशय चालू केले.
फाइलीची उतरंड अशी:
जमीन, जमिनीतलं पाणी,
पाण्यातलं बेट, बेटावरचं डबकं.
त्याखाली काही नाही.
पैठणपाशी एक निळा तुकडा उमटला,
ढोबळ प्रतीतला नाथसागर, नऊ बिंदूंचा.
बोटानं मोजले. नऊच.
सहाव्या आणि सातव्याच्या मधल्या सरळ रेषेआत
आईचं माहेर.

अतिबारीक प्रत लावली.
काठ सुरकुतला, ओढ्याओढ्यांत शिरला,
कुणाच्या तरी बांधाला वळसा घालून परत आला.
माहेर आतच राहिलं.

फोन केला. म्हटलं, तुझ्या गावाचा काठ
माझ्याकडे आहे, चार दशांशांपर्यंत.
ती थोडी थांबली.
"कोणत्या तारखेचं पाणी?"

फाइलीचा माथा चाळला.
आवृत्ती होती. तारीख नव्हती.

"यंदा देवळाचा ओटा उघडा पडलाय.
शेवंता गेलती चिखल तुडवत.
जात्याचं खालचं पेड सापडलं, म्हणे. वरचं नाही."

शेवटचा बिंदू पहिल्यावरच यावा लागतो,
नाहीतर रंग फुटतो.
मी मुद्दाम दोन-तीन बिंदू काढून पाहिले:
निळं गेवराईपर्यंत वाहत गेलं.
घाबरून परत घातले,
जसे होते तसे, त्याच क्रमानं.

संध्याकाळी नकाशा छापला.
कोपऱ्यात, मोजपट्टीच्या खाली, पेननं लिहिलं:
पाण्याची तारीख माहीत नाही.

बंकटमामानं कागद उजेडाला धरला.
"हे निळं काय? धरण व्हय?"
हो म्हटलं.
"भरलेलं काढलाव. बेस केलाव."